सेटमधला अडकित्ता

हल्ली तुमचा रेडिओ बंद का, असं गावात कुणी विचारलं की सास्तूरचा बब्रुवान म्हणायचा, "घरात आजारपण हाय." हे खरंच होतं. पण खरं सांगूनही माणसाला लपवाछपवी करता येते, हे त्या दोन महिन्यांत त्याला जितकं कळलं तितकं आयुष्यात कधी कळलं नव्हतं.

बब्रुवान रेडिओवाला. वय बासष्ट. चौकात दुकान होतं तेव्हा टीव्ही, मिक्सर दुरुस्त करायचा, विहिरीवरच्या जळक्या मोटारी भरून द्यायचा. गुडघ्यांनी दगा दिला तसं दुकान बंद केलं, पण गावानं नाव काही बदललं नाही. आणि ते दुकानामुळं पडलेलंही नव्हतं. ते पडलं होतं त्याच्या छपरावरच्या तारेमुळं. घरापासून शेजारच्या लिंबापर्यंत ताणलेली तांब्याची तार, तिच्यावर बसलेले होले, आणि खाली खोलीत कानाला हेडफोन लावून आकड्या-अक्षरांची कसलीतरी बोली बोलणारा बब्रुवान. सरकारची परीक्षा देऊन, परवाना काढून, घरी जुळवलेल्या सेटवरून आपल्यासारख्याच दुसऱ्या परवानेवाल्यांशी बोलायचं, याला हॅम रेडिओ म्हणतात. यात दिडकी मिळत नाही. "खिशात मोबाइल असताना हा उद्योग कशाला?" असं विचारणाऱ्यांना तो उत्तर देत नसे. विचारणारे बहुतेक त्र्याण्णव सालानंतर जन्मलेले असत.

त्र्याण्णवच्या भूकंपानं गाव पडलं तेव्हा तो एकतीसचा होता. टेलिफोनच्या तारा तुटलेल्या, रस्त्यावर नुसती गर्दी, आणि कोण राहिलं कोण गेलं याचा पत्ता नाही. तिसऱ्या दिवशी हैदराबादहून दोन माणसं आली. त्यांनी एका झाडाखाली मोटारीची बॅटरी ठेवली, फांदीवर तार टाकली आणि जिवंत माणसांची नावं बाहेर सांगायला सुरुवात केली. बब्रुवान त्यांना ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या आणून देत होता. त्याच सेटवरून एक निरोप गेला, "सास्तूर. द्वारका बब्रुवान. सुखरूप." सोलापूरच्या कुणा हॅमनं तो ऐकला आणि स्वतः मोटारसायकल काढून त्याच्या सासऱ्यांच्या घरी जाऊन सांगितला. तिकडं सुतकाची तयारी चालली होती. डोक्याला पट्टी बांधलेली द्वारका झाडाखाली बसून तो निरोप जाताना ऐकत होती. बोलणाऱ्यानं बटण दाबलं की सेटच्या पोटात खट्ट वाजायचं, सोडलं की पुन्हा खट्ट. पलीकडून "पोचला" असं उत्तर आलं तशी ती रडली.

सहा वर्षांनी बब्रुवाननं हैदराबादला जाऊन परीक्षा दिली, परवाना काढला आणि स्वतःचा सेट बांधला. त्याच्या सेटलाही तो खट्ट होताच. त्याचं कारण साधं आहे. बोलायचं आणि ऐकायचं, दोन्ही एकाच तारेनं. पण दोन्ही एका वेळी होत नाही. म्हणून बटण दाबलं की ती तार ऐकण्याच्या बाजूनं काढून बोलण्याच्या बाजूला जोडायची आणि सोडलं की परत आणायची. आगगाडीचे सांधे बदलतात तसलाच प्रकार. हे काम रिले नावाचा एक लहानसा भाग करतो. आत लोखंडाची पट्टी असते, ती इकडून तिकडं आपटते. बब्रुवानचा रिले मात्र लहानसा नव्हता. तो त्यानं एका मोडक्या स्टॅबिलायझरमधून काढलेला होता आणि वाजायचा असा, की दारातलं कुत्रं सुरुवातीचा महिनाभर दचकत होतं. त्यात सेट ठेवायची फळी त्यानं लोखंडी कोनांवर थेट स्वयंपाकघराच्या भिंतीत ठोकलेली. पुनर्वसनातल्या घराची ती भिंत, तिला जाडी ती किती असणार? या बाजूला खट्ट झालं की त्या बाजूला मांडणीवरच्या वाट्या ऐकत.

रोज सकाळी सात वाजता त्याच्या ओळखीच्या दहा-बारा हॅमांची रेडिओवर हजेरी व्हायची. नळदुर्गचे शरणप्पा, निवृत्त मास्तर, हे त्या मंडळींचे म्होरके. बब्रुवाननं बटण दाबलं की त्या रिलेचा आवाज त्याच्याच माईकमधून सगळ्यांच्या कानात जायचा. शरणप्पा म्हणायचे, "काय री बब्रुवानराव, सुपारी कातरून झाली का? बोला आता." तेव्हापासून त्या रिलेचं नाव अडकित्ता.

आता दुधाची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं त्या दुधातून आलं.

वीस-एक वर्षांपूर्वीची सकाळ. बब्रुवान माईकवर बोलता बोलता मध्येच थांबला. बटण दाबलेलंच होतं, तो नुसता शब्द शोधत होता. द्वारकाबाईला वाटलं, झालं यांचं बोलून. ती दारात येऊन ओरडली, "अहो, दूध उतू चाललंय! त्या डबड्यातनं बाहेर या की!" हे वाक्य जसंच्या तसं सोलापूरपासून नागपूरपर्यंत पोचलं. पुढचे पंधरा दिवस रोज कुणी ना कुणी हजेरीला विचारायचं, "बब्रुवानराव, डबड्यातून बोलताय ना? दूध उतरवलं का?" चेष्टाच होती, पण बब्रुवानला ती झोंबली. तो द्वारकाबाईवर असा ओरडला, की लहानगी सोनाली आईच्या पदरामागं लपली. "अक्कल हाय का तुला? सारा मुलूख ऐकत हुता! आब्रू घालवलीस."

द्वारकाबाई एवढंच म्हणाली, "चुकलं. परत न्हाय बोलणार मधी."

आणि ती खरोखरच बोलली नाही. तिनं स्वतःचा एक रिवाज पाडला. बब्रुवानचं बोलणं भिंतीपलीकडून नुसतं पुटपुटल्यासारखं येई, आणि ते थांबलं म्हणजे संपलं असं नसतं, हे ती एकदा शिकली होती. म्हणून तिनं बोलण्याचा नाद सोडला आणि खट्टवर विश्वास ठेवला. पहिला खट्ट झाला की हातातलं भांडं अलगद खाली. मिक्सर बंद. शेजारीण आली तर बोट ओठावर. दुसरा खट्ट झाला की हाक, "अहो, चहा!" वीस वर्षांत तिची हाक एकदाही चुकली नाही. बब्रुवान मित्रांत फुशारकीनं सांगायचा, "आमच्या सोनीच्या आईला बराबर कळतंय कवा बोलायचं." कसं कळतं, हे विचारायचं त्याला कधी सुचलं नाही. भल्या माणसा, एकदा विचारायचंस!

गेल्या वर्षी दिवाळीनंतर धाराशिवच्या उत्कर्षनं त्याच्या डोक्यात किडा सोडला. उत्कर्ष म्हणजे कॉलेजात शिकवणारा पोरगेला मास्तर, नवा हॅम, हुशार आणि अदबीचा. तो म्हणाला, "काका, रिले काढूनच टाका. डायोडवर करू. काही हलणार नाही, काही वाजणार नाही." बब्रुवानच्या मनानं घेतलं. खरं तर अडकित्ता या नावाला तो वीस वर्षं हसत आला होता, पण दुकान बंद झाल्यापासून हसू पूर्वीसारखं येत नव्हतं. माणसाचं काम सुटलं की त्याची चेष्टा त्याला जास्त लागते. त्यानं आठ दिवस खपून डायोडच्या सर्किटची छोटी पाटी जोडली आणि सोमवारी दुपारी सेटमध्ये बसवली. बटण दाबलं. काही नाही. सोडलं. काही नाही. त्यानं चार-चारदा दाबून पाहिलं आणि एकटाच हसला. जुना रिले बिस्किटाच्या डब्यात टाकला, पाटीचे फोटो काढून मोबाइलवरून सगळ्या मंडळींना पाठवले. शरणप्पांना फोन केला. उत्कर्षला तर दोनदा केला.

भिंतीपलीकडं भाकरी थापत असलेल्या बायकोला तेवढं सांगितलं नाही. लपवलं असं नाही. सांगायची गोष्ट आहे, हेच त्याच्या ध्यानी आलं नाही.

त्या आठवड्याच्या शनिवारी सकाळी सातला द्वारकाबाईनं त्याला चहा आणून दिला, दूध बारीक गॅसवर ठेवलं आणि ती स्वयंपाकाला लागली. बब्रुवान हेडफोन लावून बसला. हजेरी आठला संपायची. पण त्या दिवशी त्याच्या सेटचीच वाहवा चालली होती. "आवाज काय स्वच्छ आलाय! अडकित्ता गेला री तुमचा!" शरणप्पांनी सगळ्यांना सांगितलं. लातूरच्या एकानं पाटीचं सगळं गणित विचारलं. बब्रुवाननं ते खुलवून सांगितलं. आठाचे साडेआठ झाले, वर दहा मिनिटं. मग त्याला जळक्या दुधाचा वास आला.

द्वारकाबाई भिंतीला पाठ लावून बसलेली होती, त्याच भिंतीला. उजवा हात मांडीत निर्जीव पडलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं. डोळे उघडे. त्याला बघून तिनं काहीतरी म्हटलं, पण ते शब्द नव्हते.

गावातल्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पाहताक्षणी सोलापूरला न्यायला सांगितलं. रुग्णवाहिका मिळाली, रस्त्याला कुठं अडलं नाही, सगळ्यांनी आपापल्या परीनं घाई केली. सोलापूरच्या डॉक्टरांनी विचारलं, "यांना शेवटचं नीट बोलताना किती वाजता पाहिलंत?" बब्रुवान म्हणाला, "सात वाजता. चहा दिला हुता." डोक्याचा फोटो निघेपर्यंत बारा वाजत आले होते. डॉक्टर म्हणाले, "एक इंजेक्शन असतं, पण त्याची वेळ टळून गेली. तास-दीड तास आधी आला असतात तर देऊन पाहता आलं असतं. त्यानंही गुण आलाच असता असं नाही." डॉक्टर भला होता. शेवटचं वाक्य त्यानं बब्रुवानसाठीच जोडलं होतं. पण बब्रुवाननं तेवढंच नेमकं ऐकलं नाही.

द्वारकाबाईची जीभ दहाव्या दिवशी जराशी वळायला लागली. उमरग्याला दिलेली सोनाली रजा टाकून आली होती, ती आईला पेज भरवत होती. तिनं विचारलं, "आई, एक हाक मारायची हुतीस गं. अप्पा तर भिंतीपल्याड हुते. तासभर काय करत बसलीस?"

द्वारकाबाई तुटक तुटक म्हणाली, "हात... मुंग्या आल्या. वाटलं, बसंल आपोआप. हे बोलत हुते. म्या खट्ट वाजायची वाट बघत हुते. ऐकू आलंच न्हाय. मग... हाक मारावी म्हटलं, तर तोंडातनं आवाजच निघंना."

"कसलं खट्ट?"

"यांच्या सेटचं. ते वाजलं की बोलायचं."

सोनालीनं कपाळावर हात मारला. "आई, जिवावर बेतलं हुतं आन् तू असल्या येडेपणापायी गप बसलीस?" द्वारकाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "व्हय बाई, माजंच चुकलं," ती म्हणाली.

बब्रुवान खाटेच्या पायथ्याशी उभा होता. हातात मोसंबी होतं. वीस वर्षांतली प्रत्येक हाक त्याच्या डोक्यात एकेक करून उलगडली आणि प्रत्येकीच्या आधी एक खट्ट होता. सांगायचं तर तो क्षण होता. दोन वाक्यांचं काम. त्यानं मोसंबी सोलायला घेतलं.

तिथून दोन महिने त्यानं बायकोची सेवा केली ती गावानं डोक्यावर घ्यावी अशी. तिला उठवायचा, बसवायचा, वेणी घालायचा, भिंत धरून चालवायचा, रबरी चेंडू हातात देऊन शंभर वेळा दाबायला लावायचा. बोटं जेमतेम मिटत. सेटवर त्यानं टॉवेल टाकला होता. सोनाली शेजारणींना सांगायची, "अप्पांनी रेडिओला हात लावला न्हाय बघा, आईपायी." शेजारणी म्हणायच्या, असा नवरा मिळायला भाग्य लागतं. हे कानी पडलं की तो उठून परसात जायचा. ओरडा बसला असता तर त्यानं निमूट खाल्ला असता. कौतुक त्याला गिळवत नव्हतं. पण तेही त्यानं दोन महिने गिळलं, हेही खरंच आहे.

मध्येच एक नवीन गोष्ट निघाली. एका दुपारी द्वारकाबाई सोनालीला म्हणाली, "माजं कानबी गेल्यात गं. झटका यायच्या आधीच गेल्यात. त्या आठवड्यात यांचा अडकित्ता एकदाबी ऐकू आला न्हाय. यांचं पुटपुटणं तेवढं यायचं. हे उठून बाहेर आल्याबिगर म्या बोलतच नव्हते."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"काय सांगायचं? डोळं अधू, गुडघं गेल्यालं, त्यात आता कान. यांना नुसता वैताग."

सोनालीनं लगेच उमरग्याच्या कानाच्या डॉक्टरांकडं नंबर लावला. बब्रुवानला आता तरी बोलायला हवं होतं. त्याऐवजी त्याच्या मनानं एक आडवाट काढली, आणि ती इतकी ओंगळ होती की पुढं कित्येक दिवस त्याला स्वतःचीच शिसारी येई. त्याला वाटलं, साठी आलीय, कान खरोखरच गेले असतील तर? डॉक्टरनंच तसं सांगितलं तर? मग रिले असता काय अन् नसता काय! त्या दिवशी देवापुढं दिवा लावताना त्यानं जे मागितलं, ते कुठल्या नवऱ्यानं बायकोसाठी मागू नये.

उमरग्याला काचेच्या लहान खोलीत द्वारकाबाईला बसवलं. तपासणाऱ्या मुलीनं तिच्या कानांवर हेडफोन चढवले आणि डाव्या हातात वायरचं बटण दिलं. "आजी, बारीक आवाज येईल. आला की दाबायचं." बब्रुवान काचेबाहेर उभा. पहिल्या खेपेला द्वारकाबाईचा अंगठा हलला. दुसऱ्या खेपेला हलला. आवाज बारीक बारीक होत गेला असणार, कारण ती डोळे मिटून, मान वाकडी करून, सगळा जीव गोळा करून ऐकत होती. अंगठा हलतच राहिला. दाबू नको, असं त्याच्या मनात आलं. ती दाबत राहिली.

कानाच्या डॉक्टरीणबाई कागद बघून हसल्या. "आजींचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत. मशीन-बिशीन काही नको."

सोनाली रिक्षा बघायला रस्त्यावर गेली. बाहेरच्या बाकावर दोघंच उरली. द्वारकाबाई आधी खूश झाली, मग तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मग त्या दिशी खट्ट का न्हाय ऐकू आलं मला?"

बब्रुवान रस्त्याकडं बघत होता. उसाचा ट्रॅक्टर चालला होता, दोन ट्रॉल्यांचा. दुसरी ट्रॉली वळणाआड जाईपर्यंत त्यानं वाट पाहिली, आणि मग त्याला कळलं की आपण पुन्हा तेच करतोय.

"वाजलंच न्हाय," तो म्हणाला. "म्या काढून टाकला हुता त्यो. सोमवारीच. लोक हसतेत म्हणून दुसरं न वाजणारं बसवलं. तुजं काय बी चुकलं न्हाय, सोनीच्या आई. वाजणारच नव्हतं ते."

 त्यानं पुढचंही सांगितलं. दवाखान्यातच उमगलं होतं, तरी तोंड उघडलं नाही. सोनी तुला बोलत होती तेव्हा मोसंबी सोलत होतो. आणि आज काचेबाहेर उभं राहून काय मागत होतो, तेही सांगितलं.  द्वारकाबाईनं त्याच्या हाताखालचा आपला उजवा हात डाव्या हातानं उचलला आणि स्वतःच्या मांडीवर नेऊन ठेवला.

मग तिनं विचारलं, "नळदुर्गच्या मास्तरांना सांगितलं हुतं?"

"व्हय."

"त्या धाराशिवच्या पोराला?"

"त्यानंच सुचिवलं हुतं."

"सगळ्या मुलकाला ठावं हुतं," ती म्हणाली. "मधी एक भिंत हुती, तिच्याअल्याड तेवढं कळालं न्हाय." मग तिनं पदरानं तोंडाच्या उतरलेल्या कडेची लाळ पुसली. "पाच दिस म्या बहिरी हुते. भाकरी करताना ताटली आपटून बघायची, ऐकू येतंय का म्हणून. ताटली ऐकू यायची आन् तुमचं न्हाय. लई भ्या वाटायचं." तिनं रस्त्याकडं पाहिलं. सोनाली रिक्षा घेऊन येत होती. "सोनीला सांगा. तिला वाटतंय, तिची आई येडी हाय."

त्यानं सोनालीला सांगितलं. रिक्षातच, रिक्षावाल्यादेखत. सोनाली त्यानंतर आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही. चहाचा कप त्याच्यापुढं ठेवायची आणि जायची. शेजारणींपुढचं कौतुकही थांबलं. बब्रुवानला वाटलं होतं, सांगून टाकलं की छातीवरचा दगड उतरेल. तसलं काही झालं नाही. फक्त आता तो दगड सगळ्यांना दिसत होता.

एके दिवशी द्वारकाबाई काठी टेकत त्याच्या खोलीच्या दारात आली. टॉवेलकडं बोट करून म्हणाली, "ते वाजणारं परत बसवा. घर मुकं वाटतंय."

त्यानं बिस्किटाचा डबा उघडला. उत्कर्षची सुबक पाटी काढली, जुना रिले डाग देऊन पुन्हा जोडला. बटण दाबलं. खट्ट. स्वयंपाकघरात चमचा खाली ठेवल्याचा आवाज आला. सोडलं. खट्ट. आतून, एकेक अक्षर ओढत, "अहो... चहा... करू का?"

तो धावतच आत गेला. "अगं, आता कवा बी बोल. मधीच बोल. म्या बोलत आसंन तरी वरड. सारा मुलूख ऐकू दे." हे त्यानं त्या दिवशी सांगितलं, दुसऱ्या दिवशी सांगितलं, रोज सांगितलं. ती मान हलवायची. पण पहिला खट्ट झाला की चमचा खाली, आणि दुसरा होईपर्यंत घर गप्प. वीस वर्षांपूर्वी एका सकाळी त्यानं ओरडून शिकवलेलं होतं. आता रोज गोडीनं सांगूनही ते पुसलं जात नव्हतं.

तेव्हा त्यानंच आपली रीत बदलली. पुन्हा सकाळच्या हजेरीला जाऊ लागला, तेव्हा चार शब्द बोलायचे आणि बटण सोडायचं. वाक्य अर्धवट असलं तरी. एका कानावरचा हेडफोन मागं सरकवून तो भिंतीकडं ऐकत बसायचा. मग पुढचे चार शब्द. खट्ट, खट्ट, खट्ट, खट्ट. मंडळींना ते ऐकवेना. शेवटी शरणप्पांनी विचारलं, "बब्रुवानराव, काय हो हे? डायोड जळाला का? आन् बोलता बोलता मधेच कुठं जाता री? सेट नीट न्हाय काय तुमचा?"

"सेट बरा हाय मास्तर," बब्रुवान म्हणाला आणि त्यानं बटण सोडलं.

पलीकडं शरणप्पा काहीतरी बोलत होते. तो ते ऐकत नव्हता. भिंतीपलीकडं नळ सुरू झाला, बंद झाला. मग काही वेळ काहीच नाही. तो अर्धा उठला. तेवढ्यात आत ताटली वाजली, आणि तो खाली बसला. मग त्यानं पुन्हा बटण दाबलं.